रुग्ण दिसत नाहीत म्हणून तपासणी थांबवू नका : सीमाभागातील आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव सीमाभागातील जिल्हा व तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेला आरोग्य सहायक आहे. एकतीस वर्षे मी तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचा घेत घरोघर फिरलो. डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचायची, काचेवर एक जाड थेंब आणि एक पातळ थर घ्यायचा, काच वाळली की नंबर घालून कागदात गुंडाळायची आणि आठवड्याच्या काचा प्रयोगशाळेत पोहोचत्या करायच्या, हे माझे काम होते. हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण मलेरियाच्या तपासणीबद्दल दिलेल्या माझ्या दोन लेखी अर्जांना उत्तर आलेले नाही, आणि ज्या घरांतली माणसे पोटासाठी गोव्याला व कोकणात जातात त्या घरांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे. केंद्राचे, तालुक्याचे किंवा कोणा कर्मचाऱ्याचे नाव मी घेणार नाही. एका केंद्रावर ठपका ठेवून प्रश्न मिटणार असता, तर त्या केंद्रात जाऊनच बोललो असतो.

गेल्या भाद्रपदात माझा पुतण्या चतुर्थीसाठी गोव्याहून गावी आला. तो तिथे सेंट्रिंगच्या कामावर असतो आणि बांधकामाच्याच जागेवर पत्र्याच्या खोलीत राहतो. ऋषिपंचमीच्या रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो आणि मलेरियाच्या रॅपिड किटवर रक्त पाहावे अशी विनंती केली. किट नव्हते. जे होते त्यांची मुदत संपलेली होती, आणि नव्यांची मागणी केलेली नव्हती, कारण ‘आपल्याकडे आता मलेरिया राहिलेला नाही’ असे मला सांगण्यात आले. प्रयोगशाळा तंत्रज्ञ दोन केंद्रे सांभाळतो आणि त्या दिवशी तो दुसऱ्या केंद्रात होता. काच मात्र घेतली गेली, ती तालुक्याला जाणार होती. पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी परतलो.

ताप उतरेना म्हणून तिसऱ्या दिवशी घरच्यांनी त्याला खासगी दवाखान्यात नेले. तिथे विडाल तपासणी झाली, टायफॉईड ठरला, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झाले. सहाव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी काळपट झाली आणि तो असंबद्ध बोलू लागला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेल्यावर एका किटवर वीस मिनिटांत फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या प्रकारचा, मलेरिया निघाला. दोन वेळा डायलिसिस करावे लागले. तो वाचला, पण औषधपाण्यासाठी माझ्या थोरल्या भावाने दोन दुभत्या म्हशी विकल्या. केंद्रात घेतलेल्या काचेचा अहवाल अकराव्या दिवशी आला आणि त्यावर ‘पीएफ पॉझिटिव्ह’, म्हणजे फाल्सिपेरम आहे, असे लिहिले होते. अहवाल बरोबर होता, तो पहिल्या दिवशी हवा होता. त्या सकाळी केंद्रातून उठून मी त्याला थेट शहरात न्यायला हवे होते. ज्याने आयुष्यभर हेच काम केले त्यालाही ते सुचले नाही, याची टोचणी मला आजही आहे.

या उशिरात रुग्णाच्या शरीराबाहेर काय घडत असते, हे आपण जाणता, वाचकांसाठी सांगतो. फाल्सिपेरमचे जे रूप डासाला संसर्ग देऊ शकते, ते रक्तात पहिल्या दिवसापासून नसते. ताप सुरू झाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी ते दिसू लागते. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी निदान होऊन एसीटीच्या (फाल्सिपेरमवरच्या मिश्र औषधाच्या) गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ते संसर्ग देणारे रूप मारणाऱ्या प्रायमाक्विनची एक मात्रा मिळाली, तर तो रुग्ण गावातल्या डासांना काही देण्याआधीच बरा होऊ शकतो. अकरा दिवस वाट पाहिली, तर नेमक्या त्याच मुदतीत तो घरात, माणसांच्या आणि डासांच्या मध्ये, संसर्ग देत झोपलेला असतो. डासाच्या पोटात परजीवी तयार व्हायला आणखी दहा-चौदा दिवस जातात, पुढच्या माणसाला ताप यायला पुन्हा तितकेच. त्यामुळे शेजारच्या गल्लीत दुसरा रुग्ण निघतो तो महिना-सव्वा महिन्याने, जेव्हा पहिल्या तापाची आठवणही कोणाला राहिलेली नसते. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात तर ही सवलतही नाही. त्यात संसर्ग देणारे रूप तापाच्या सुरुवातीलाच रक्तात आलेले असते.

‘आपल्याकडे मलेरिया नाही’ हे वाक्य मी नोकरीत लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांच्या तोंडून निराळ्या स्वरात ऐकले होते. त्यांनी निर्मूलन कार्यक्रमाचा काळ पाहिला होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि १९६१ पर्यंत देशातले नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आत आले. मग गावोगावची पाहणी सैल झाली, काचा साचून राहू लागल्या, डीडीटीला डास सरावले, आणि १९७६ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. श्रीलंकेचेही तसेच झाले. तिथे १९६३ साली अवघे १७ रुग्ण होते आणि त्या दशकाच्या अखेरीस वर्षाला पाच लाखांहून अधिक. तो देश मलेरियामुक्त घोषित व्हायला २०१६ उजाडले. रोग जवळजवळ संपलेला असताना तपासणी सोडण्याची किंमत एकदा मोजून झाली आहे, आणि ती मोजणाऱ्यांत आपला देशही होता.

आज राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे २०२७ पर्यंत स्थानिक संसर्गाचे रुग्ण शून्यावर आणायचे आहेत आणि २०३० पर्यंत निर्मूलन साधायचे आहे. या उद्दिष्टाचा मला मनापासून आनंद आहे. पण तपासून आलेले शून्य आणि न तपासता लिहिलेले शून्य कागदावर सारखेच दिसते, म्हणून मला त्याची भीतीही वाटते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोकसंख्येच्या दहा टक्के लोकांचे रक्त वर्षाला तपासायचे, असे उद्दिष्ट आम्हाला असे. महिनाअखेरीस आकडा भरावा म्हणून ताप नसलेल्यांच्याही काचा घेतल्या गेल्या. मीही शाळेत जाऊन धडधाकट मुलांच्या काचा घेतल्या आहेत. त्या काचांनी रजिस्टर भरले, पण त्याच आठवड्यात वीटभट्टीवर तापाने पडलेल्या मजुराची काच राहून गेली असेल, तर ती चूक मी भरून काढू शकत नाही. म्हणून मी जास्त काचा मागत नाही. योग्य माणसाची तपासणी त्याच दिवशी व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

योग्य माणूस ओळखायला एक प्रश्न पुरतो : ‘गेल्या महिनाभरात कुठे राहून आलात?’ आपल्या भागाचा नकाशा पाहा. खानापुरातून चोर्ला घाटाने आणि लोंढ्याकडून रोज माणसे गोव्यात उतरतात. बांधकाम, हॉटेल, मासळी, काजू, सगळीकडे आपली मुले आहेत. मंगळूरच्या बांधकामांवर जाणारेही आहेत, आणि त्या शहरातला मलेरिया कर्नाटकाच्या आरोग्य खात्याला नवा नाही. उलट दिशेने चिकोडी, अथणी, निपाणीच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रस्त्यांच्या व वीटभट्ट्यांच्या कामावर ओडिशा, झारखंड, छत्तीसगडचे मजूर येतात. यात येणाऱ्याचा किंवा जाणाऱ्याचा काही दोष नाही. ताप घेऊन कोणी हौसेने फिरत नाही. पण ओपीडीच्या कागदावर हा प्रश्न छापलेला नाही, त्यामुळे तो विचारला जात नाही, आणि गोव्याहून आलेला ताप व घरचाच ताप यांना एकच गोळी मिळते. व्हायवॅक्सच्या बाबतीत महिन्याचा हिशेबही पुरत नाही, कारण त्याचा परजीवी यकृतात लपून कित्येक महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. ज्याला वर्षभरात मलेरिया होऊन गेला आहे त्याचे रक्त प्रत्येक तापात पाहिले पाहिजे.

कमी मलेरियाच्या भागात आणखी एक धोका असतो. जिथे रोग नेहमीचा आहे तिथल्या मोठ्या माणसांत थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. आपल्या लोकांत ती नाही. म्हणून आपल्याकडे तरणाताठा पंचविशीचा मुलगाही आठवड्याभरात अत्यवस्थ होतो, आणि गरोदर बाईचे तर विचारूच नये. रोग दुर्मीळ झाला की तो सौम्य होत नाही, त्याला ओळखणारे मात्र कमी होतात.

राष्ट्रीय धोरणात हे स्पष्ट आहे : काचेचा अहवाल चोवीस तासांत मिळत नसेल, तिथे रॅपिड किटने तपासणी करायची. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे की मलेरियाचा संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाची उपचारापूर्वी सूक्ष्मदर्शकाने किंवा किटने खात्री करावी, मग तो भाग कमी प्रमाणाचा असो वा जास्त. तेव्हा मी नवी योजना मागत नाही. भीमगड अभयारण्यातली गवाळी, पास्तोळी, कोंगळा ही गावे डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात ओढे चढले की तिथून माणूस बाहेर काढणे कठीण, तर काच चोवीस तासांत प्रयोगशाळेत कशी जाणार आणि अहवाल कसा परतणार? अशा ठिकाणी आशाताईच्या पिशवीत पाच किट असणे एवढाच उपाय आहे.

किटविरुद्ध जे आक्षेप मी बैठकांत ऐकले, ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की रोग कमी असताना किट खोटे पॉझिटिव्ह दाखवते. समजा, हजार ताप तपासले, त्यांत खरा मलेरिया एकालाच आहे आणि किट शंभरांत दोनदा चुकते, तर त्या एकाबरोबर वीस जण उगाच पॉझिटिव्ह निघतील. हिशेब बरोबर आहे. पण त्यावर उपाय तपासणी बंद करणे हा नाही. सरसकट हजारांची न करता प्रवास केलेल्यांची, थंडी वाजणाऱ्यांची, दुसरे कारण न सापडणाऱ्यांची तपासणी करावी, आणि किट पॉझिटिव्ह आले की त्याच बोटाच्या रक्ताची काच करून ती अनुभवी माणसाकडून वाचून घ्यावी. उपचार मात्र काचेसाठी थांबवू नये. दुसरा आक्षेप, किट थोडे परजीवी असतील तर चुकवते. हेही खरे आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये शंभर-दोनशेंपेक्षा कमी परजीवी असतील तर किटवर पॉझिटिव्हची रेघ उमटेलच असे नाही, आणि काही परजीवींत फाल्सिपेरमचे ते प्रथिनच नसते ज्यावर किट चालते. म्हणून संशय पक्का असेल तर निगेटिव्ह किटवर विसंबू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, काच जोडीला ठेवावी. तिसरी अडचण अशी की उपचार झाल्यावरही ते प्रथिन रक्तात काही आठवडे राहते, त्यामुळे बरे झालेल्याची रेघही पॉझिटिव्ह येते; पाठपुरावा काचेनेच करावा लागतो. या तिन्ही गोष्टी एका दुपारच्या प्रशिक्षणात आशा आणि आरोग्य सहायकांना समजावता येतात. मी स्वतः चौथी-पाचवी शिकलेल्या बायांना काच घ्यायला शिकवले आहे, आणि त्यांच्या काचा माझ्यापेक्षा स्वच्छ असत.

किटच्या साठवणीकडे मात्र फारच दुर्लक्ष आहे. पाकीट फोडल्यावर किट लगेच वापरायचे असते, कारण ओलाव्याने ते बिघडते; कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हे घडायला तासही लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात अथणी-रायबागच्या बाजूला किटची पेटी स्कूटरच्या डिकीत दिवसभर फिरली, तर तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. रेघ पंधरा-वीस मिनिटांत वाचायची असते. सकाळी थेंब टाकून दुपारी जेवणानंतर पाहिलेली रेघ निदान नव्हे. मुदत संपण्याचेही उत्तर सोपे आहे. ज्या केंद्रात किट पडून राहतात तिथले तीन महिने आधीच जास्त खपाच्या केंद्राकडे द्यावेत आणि त्या जागी ताजे आणावेत. रुग्ण नाही म्हणून किट वापरले जात नाहीत आणि मुदत संपून किट उरले नाहीत म्हणून रुग्ण सापडत नाहीत, हे चक्र कुठेतरी तोडावेच लागेल.

आता निगेटिव्ह रेघेबद्दल, जिचे मोल मला सगळ्यांत जास्त वाटते. आपल्याकडे शंभरांतले बहुतेक किट निगेटिव्हच येणार, आणि म्हणूनच कर्मचाऱ्यांना ते वाया गेल्यासारखे वाटते. पण मलेरिया नाही एवढे वीस मिनिटांत कळले की डॉक्टरांचे लक्ष डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस यांच्याकडे जाते, आणि जंगलाच्या कडेला काजूच्या हंगामात माकडतापाकडेही. त्याऐवजी आज काय होते? एकदाच केलेल्या विडालवर टायफॉईडचा शिक्का बसतो, जरी एकट्या विडालवर भरवसा ठेवू नये हे सर्व डॉक्टरांना ठाऊक असते, आणि गरीब माणूस पाच दिवस सलाईनचे पैसे भरतो.

उपचाराबाबतही तक्रार आहे. व्हायवॅक्ससाठी क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायची असते. ताप चौथ्या दिवशी गेला की रुग्ण गोळ्या सोडतो, आणि तीन महिन्यांनी तोच परजीवी पुन्हा उठतो. पाठपुराव्याला कोणी येत नाही. प्रायमाक्विन गरोदर बाईला व तान्ह्या बाळाला द्यायची नसते. जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारे द्रव्य ज्याच्यात कमी असते त्याचे रक्त तिने फुटू शकते, म्हणून लघवी काळी झाली तर गोळी थांबवून लगेच यावे, हे घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगावे लागते. आमच्या गावांत वयस्क बायकांना कन्नड वाचता येत नाही. सूचनांच्या कागदावर कन्नडच्या खाली चार ओळी मराठी छापल्या तर कोणाचे काही जाणार नाही, आणि चौदा दिवसांच्या गोळ्या चौदा दिवस घेतल्या जातील.

शेवटची तक्रार सीमेची आहे. गोव्यात बांधकाम मजुरांची मलेरिया तपासणी करून आरोग्यकार्ड देण्याची पद्धत आहे. पण तिथे पॉझिटिव्ह निघालेला मुलगा दोन गोळ्या खाऊन घरी आला, तर त्याच्या गावच्या केंद्राला ते कळत नाही. तसेच बेळगावच्या रुग्णालयात निदान झालेल्या चंदगडच्या माणसाचे, आणि कोल्हापुरात निदान झालेल्या निपाणीच्या माणसाचे. चीन ३० जून २०२१ रोजी मलेरियामुक्त घोषित झाला, तो एका साध्या शिस्तीवर : एका दिवसात कळवायचे, तीन दिवसांत घरी जाऊन चौकशी करायची, सात दिवसांत आसपासची तपासणी व डासबंदोबस्त करायचा. माझ्या पुतण्याच्या घरी पहिला कर्मचारी आला तो तीन आठवड्यांनी, आणि तोही फक्त आधार क्रमांक लिहून घ्यायला.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. सीमाभागातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फाल्सिपेरम व व्हायवॅक्स दोन्ही दाखवणारे, मुदतीतले किट वर्षभर असावेत. रुग्णसंख्या शून्य असली तरी किमान साठा शून्य नसावा, आणि तो किती आहे हे केंद्राच्या फलकावर लिहिलेले असावे. पावसात तुटणाऱ्या गावांतल्या आशांकडे जूनपूर्वी किट, एसीटी आणि क्लोरोक्विन पोहोचावे. ओपीडीच्या कागदावर प्रवासाचा प्रश्न छापावा. काचेचा अहवाल चोवीस तासांत देता येत नसेल तर ती काच हे एकमेव निदान मानू नये. एकाच तंत्रज्ञावर दोन केंद्रे टाकली असतील तर त्याचे वार दाराबाहेर लावावेत आणि रिक्त जागा भराव्यात. खासगी दवाखान्यांनी ताप कळवावा अशी अपेक्षा असेल, तर त्यांनाही किट व औषधे विनामूल्य द्यावीत. गोवा आणि महाराष्ट्राच्या लगतच्या तालुक्यांशी महिन्यातून एकदा नव्हे, रुग्ण निघेल त्याच दिवशी फोनवर माहितीची देवाणघेवाण व्हावी आणि त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचे पद जाहीर करावे.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील आणि त्याच सुमारास गोव्यातली आमची मुले दिवाळीसाठी गावी येतील. त्याआधी किट उपकेंद्रांत पोहोचले पाहिजेत. प्रशिक्षणाला माणूस कमी पडत असेल, तर मी बिनपगारी यायला तयार आहे. माझी सुई-काचांची जुनी पेटी अजून घरात आहे, आणि काच कशी घ्यायची हे माझे हात विसरलेले नाहीत. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायक